जुन्या जीपच्या पोटातील गाळ

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील कुंभारवाड्याच्या आसपास, रानातून वळणे घेत चढणाऱ्या रस्त्यावर, एक दृश्य पुष्कळांनी पाहिलेले असेल. चढावाच्या मध्यावर एक जुनी जीप उभी आहे. तिचे पुढचे झाकण उघडलेले आहे, आतून वाफेचा लोट उठतो आहे आणि चालक हातात प्लॅस्टिकचा डबा घेऊन ओढ्याकडे उतरतो आहे. मागच्या बाकावर बाजाराला निघालेली चार माणसे आहेत, दोन पोती आहेत, आणि एका आईच्या मांडीवर तापाने फणफणलेले मूल आहे. तिला जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात पोचायचे आहे.

"मामा, अजून किती वेळ?" ती विचारते.

"दहा मिनिटं, बाय. गाडीला तहान लागलीय."

या उत्तरावर बाकीची माणसे हसतात. गाडीची तहान हा त्या जीपमध्ये बसणाऱ्यांचा नेहमीचा विनोद आहे. पण दहा मिनिटांची वीस होतात, पुढल्या चढावावर पुन्हा थांबावे लागते, आणि तासाभराच्या वाटेला दोन तास लागतात. त्या दिवशी मूल सुखरूप पोचले, औषध मिळाले, ताप उतरला. परंतु त्या रात्री चालकाला झोप आली नाही. साप चावलेला माणूस असता तर? अडलेली बाळंतीण असती तर? गाडीची तहान हा विनोदाचा विषय नाही, हे त्याच्या ध्यानात आले ते तेव्हा. आजच्या भाषणाचा विषय ही तहानच आहे. ती कशी लागते, कशाने वाढते आणि गाडीचे पोट साफ करून ती कशी भागवावी, एवढेच सांगायचे आहे.

प्रथम या मुलखाविषयी दोन शब्द. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळच्या डोंगरात उगम पावते आणि कारवारजवळ समुद्रास मिळते. पूर्वी तालुक्याचे ठाणे सुपा येथे होते. नदीवरील मोठ्या धरणाच्या पाण्याखाली ते जुने गाव गेले आणि जोयडा हे तालुक्याचे ठिकाण झाले. भोवती दाट अरण्य. त्याचा मोठा भाग आज काळी व्याघ्र प्रकल्पात मोडतो. वस्त्या लहान आणि विखुरलेल्या. जून ते सप्टेंबर पाऊस असा कोसळतो की रस्त्यावरची तांबडी माती ओढ्यात आणि ओढ्यातली रस्त्यावर येते. अशा जागी चारही चाकांना जोर पोचणारी गाडी लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जन्मास आलेली विलीस जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जुळवली जाऊ लागली आणि पुढे तिच्या वंशातल्या गाड्या सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर घरोघरच्या झाल्या. शहरांतून जुन्या गाड्या निघून गेल्या. मुंबईच्या रस्त्यांवरची पद्मिनी टॅक्सीसुद्धा २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बॅसॅडर तयार होणे २०१४ साली थांबले. तरी आडगावी या गाड्या अजून चालतात. कारण त्या हातोडी-पान्यांनी दुरुस्त होतात आणि त्यांची जागा घेणारी गाडी विकत घेण्याची ऐपत सर्वांपाशी नसते.

आता इंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहू. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटते त्या क्षणी ज्वालेचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते. बिडाचे लोखंड बाराशे अंशांच्या सुमारास वितळते. म्हणजे भट्टीची आच भट्टीच्या भिंती वितळवू शकेल अशी आहे, आणि तरी भिंती टिकतात. याचे एक कारण असे की आच क्षणभरच टिकते. दुसरे आणि मोठे कारण असे की त्या भिंतींच्या मागून सतत पाणी वाहते. जुन्या पेट्रोल इंजिनात इंधनाच्या उष्णतेपैकी जेमतेम पाव भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो. जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी वाहून नेते आणि उरलेला मुख्यतः धुराबरोबर जातो. ज्या उष्णतेवर गाडी चालते तिच्याहून अधिक उष्णता केवळ फेकून देण्यासाठी हे पाणी राबत असते.

या पाण्याचा फेरा सोपा आहे. इंजिनाच्या पुढच्या अंगास बसविलेला पंप पाणी सिलिंडरांभोवतीच्या पोकळ जागेत ढकलतो. तेथे ते तापते, वर हेडमध्ये चढते आणि वरच्या रबरी नळीने रेडिएटरच्या माथ्यावरील टाकीत येते. तेथून ते पितळेच्या शेकडो बारीक चपट्या नळ्यांतून खाली उतरते. नळ्यांना तांब्याच्या पातळ पत्र्यांच्या घड्या जोडलेल्या असतात. पंख्याचा वारा त्यांतून जातो आणि पाणी निवते. निवलेले पाणी खालच्या नळीने पुन्हा पंपाकडे. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा एक लहानसा दरवान उभा असतो. पाणी सुमारे ऐंशी अंशांपर्यंत तापेतोवर तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे थंड इंजिन लवकर ऊब धरते. त्यानंतर तो वाट उघडतो.

दोष शिरतो तो या फेऱ्याच्या वाटेवर. ज्या घरात न्हाणीघरात तांब्याचा बंब असे, त्या घरातील गृहिणीला हे वेगळे सांगायला नको. विहिरीचे जड पाणी वर्षभर तापविले की बंबाच्या आतल्या अंगाला पांढुरका, खडूसारखा थर धरतो. सरपण पूर्वीइतकेच लागते, पण पाणी तापायला वेळ लागतो. जुन्या माठाच्या बाहेरील अंगावर जो पांढरा लोणा फुटतो तो याच कुळीचा, आणि कुंभारवाडा हे नाव ज्या गावाला आहे तेथे माठाची आठवण काढली तर वावगे होणार नाही. पाण्यात विरघळलेला चुना उष्णतेने बाहेर पडतो आणि तापलेल्या भिंतीला चिकटतो. हा थर लोखंडाच्या मानाने उष्णतेचा फार वाईट वाहक आहे. बिडाच्या विसाव्या हिश्शाइतकीही उष्णता त्यातून जात नाही. म्हणजे थर नखाएवढा जाड असला तरी सिलिंडरच्या भिंतीवर घोंगडी पांघरल्यासारखे होते. पाणी शेजारून वाहत असते, पण उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा मळ गंजाचा. इंजिनाचा ठोकळा बिडाचा. पाणी, हवेतील प्राणवायू आणि उष्णता ही तिन्ही एकत्र आली की लोखंड तांबूस भुकटी होऊन झडू लागते. ती भुकटी मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते आणि जिथे पाण्याची ओढ मंद असते तिथे बसते. ठोकळ्याच्या मागच्या टोकाला, शेवटच्या सिलिंडरच्या पायथ्याशी, ती गढीच्या तळघरातल्या चिखलासारखी साचते. तो सिलिंडर मग इतरांपेक्षा अधिक तापतो, आणि काट्याकडे पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. कारण काटा पाण्याचे तापमान दाखवितो, लोखंडाचे नव्हे.

येथे त्या चालकाची एक समजूत सांगितली पाहिजे, कारण ती पुष्कळांची असते. तो म्हणे, "आम्ही ओढ्याचं पाणी घालतो. डोंगरातलं पाणी, पावसाचं पाणी, त्याच्यात कसला आला क्षार?" त्याचे निम्मे म्हणणे खरे होते. पावसाच्या पाण्यात चुना जवळजवळ नसतो आणि जांभ्या दगडाच्या मुलखातले ओढेही सहसा हलक्या पाण्याचे असतात. परंतु हलके पाणी म्हणजे गंज न आणणारे पाणी नव्हे. उलट, क्षाराचा पातळ थर ज्या भिंतीला थोडेफार झाकतो ते झाकण हलक्या पाण्यात मिळत नाही आणि लोखंड उघडे पडते. शिवाय पावसाळ्यात ओढ्याचे पाणी म्हणजे तांबडी माती कालवलेले पाणी. आणि सर्वात वाईट गोष्ट ही की ते रोज घालावे लागे. बंद फेऱ्यात एकदा भरलेले पाणी आपल्यातील प्राणवायू थोड्याच दिवसांत खर्च करते आणि मग गंज मंदावतो. ज्या गाडीत रोज ताजे पाणी पडते, तिच्यात रोज ताजा प्राणवायू, ताजी माती आणि जिथे पाणी जड असेल तिथे ताजा चुना पडतो. गाडी गळते म्हणून पाणी घालावे लागते, पाणी घातल्याने मळ वाढतो, मळ वाढल्याने गाडी उकळते, आणि उकळून पाणी उडाले की पुन्हा डबा.

मेस्त्रीने जीप पाहिली तेव्हा आणखी दोन गोष्टी उघडकीस आल्या. मागे कोणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकला होता. 'तो काढला की गाडी गार चालते' हे वाक्य आपल्याकडे इतक्या आत्मविश्वासाने बोलले जाते की ते खोटे असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. वस्तुस्थिती अशी की थर्मोस्टॅट नसलेले इंजिन सपाटीवर व थंडीत हवे तितके तापतच नाही. तेलात ओल साचून चिकटा धरतो, पेट्रोल जास्त जळते. आणि काही इंजिनांत तर पाण्याचा एक प्रवाह रेडिएटर टाळून आडवाटेने परत पंपाकडे जातो. थर्मोस्टॅट नसला की ती आडवाट कायमची उघडी राहते आणि चढावावर इंजिन अधिकच तापते. दरवान हाकलून दिल्यावर घरात शिस्त राहील अशी अपेक्षा करणेच चूक.

दुसरी गोष्ट टोपणाची. रेडिएटरच्या तोंडावर मूळचे दाब धरणारे टोपण नव्हते. एका डब्याचे झाकण फडक्याने घट्ट बसविले होते. पाणी समुद्रसपाटीवर शंभर अंशांना उकळते आणि दर तीनशे मीटर चढले की हा आकडा सुमारे एका अंशाने खाली येतो. बंद भांड्यात दाब वाढला की तो वर जातो. प्रेशर कुकरचे तत्त्व हेच. चार पौंडांचे टोपण असेल तर पाणी सहा-सात अंश उशिरा उकळते, सात पौंडांचे असेल तर अकरा-बारा अंश. घाट चढणाऱ्या जीपला हे अंश फार मोलाचे असतात. फडक्याने ते मिळत नाहीत. मात्र हाच दाब माणसाला भाजतोही. तापलेल्या गाडीचे टोपण उघडू नये. इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे, मग जाड फडके धरून टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, वाफेचा सुस्कारा संपू द्यावा, आणि त्यानंतरच काढावे. तसेच तापून लाल झालेल्या इंजिनात ओढ्याचे गार पाणी एकदम ओतू नये. तापलेल्या काचेच्या पेल्यावर पाणी पडावे तसा बिडाचा ठोकळा तडकतो, आणि तडकलेल्या ठोकळ्याला जोयडा तालुक्यात तरी उपाय नाही. मूल मांडीवर असलेल्या आईला अर्धा तास थांबा म्हणून सांगणे कठीण, हे मान्य. म्हणूनच सफाई रविवारी सवडीने करून ठेवायची.

ती रविवारी झाली. फणसाच्या सावलीत जीप लावली, इंजिन पूर्ण थंड होते. मेस्त्रीने प्रथम एक परीक्षा केली, आणि ती प्रथमच करावी. कारण तिच्यात गाडी नापास झाली तर पुढचे सारे श्रम फुकट. टोपण काढून, पाणी काठोकाठ भरून, इंजिन चालू केले आणि तोंडाशी सतत बुडबुडे येतात का ते पाहिले. तेल पाहण्याची सळई काढून तेलाला ताकासारखा रंग आहे का ते पाहिले. यांपैकी काही असते तर हेडखालचे गॅस्केट फाटले आहे असे समजायचे होते, आणि मग सफाईने काही साधत नाही. सुदैवाने तसे नव्हते. नंतर त्याने इंजिन तापू दिले, बंद केले, आणि पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीवरून दुरून तळहात फिरविला. मध्यभाग ऊन, पण खालच्या उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा गारच! त्या जागेतील नळ्या बंद होत्या.

इंजिन निवाल्यावर तोट्या उघडल्या. रेडिएटरची खालची तोटी सर्वांना ठाऊक असते. ठोकळ्याच्या बगलेला दुसरी तोटी असते, तिची आठवण मात्र वर्षानुवर्षे कोणाला होत नाही. या जीपमध्ये ती उघडली तरी थेंब येईना. तारेने टोचल्यावर आधी काळसर लगदा आला, मग चहाच्या रंगाचे पाणी, आणि नंतर चिमूटचिमूट लोखंडी पापुद्रे. खाली घमेले लावले होते. घमेले भरल्यावर चालक त्यात नुसता पाहत राहिला.

त्यानंतर स्वच्छ पाणी भरणे, इंजिन कोमट होईपर्यंत चालविणे, निवू देणे आणि सोडणे, असे तीनदा झाले. तिसऱ्या वेळी पाणी फिके आले. मग औषधाची पाळी. बंब उजळायला चिंच, लिंबू किंवा आमसूल वापरतात, कारण आंबट पदार्थ चुना आणि गंज दोन्ही सोडवितो. गाडीसाठी बाजारात मिळणारे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे खडे, हे त्यातले सौम्य औषध. दहा लिटर पाण्याला पाव ते अर्धा किलो या मानाने ते आधी बादलीत पुरते विरघळवून ओतले आणि इंजिन अर्धा तास ऊन ठेवले, उकळू दिले नाही. सोडलेले पाणी असे आले की जणू पहिल्या पावसातला ओढाच. नंतर पुन्हा दोनदा साधे पाणी, आणि राहिलेला आंबटपणा मारण्यासाठी एकदा चमचा-दोन चमचे धुण्याचा सोडा घातलेले पाणी, की मग शेवटचे खळबळणे.

येथे सावधगिरीच्या दोन गोष्टी. धुण्याचा सोडा तेलकट चिकट्यावर उत्तम, परंतु तो ॲल्युमिनियमला खातो. ॲम्बॅसॅडरचे हेड बिडाचे, तिला चालेल. फियाट-पद्मिनीचे हेड ॲल्युमिनियमचे, तिला सोडा दाखवूसुद्धा नये. जीपची हेडे दोन्ही प्रकारची आढळतात, तेव्हा आधी चुंबक लावून पाहावा. आणि दुसरी गोष्ट, संडास धुण्याचे तीव्र ॲसिड रेडिएटरमध्ये ओतून एका तासात काम उरकणारे लोक आहेत. रेडिएटरच्या नळ्या कथील-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात. असले ॲसिड मळाबरोबर डाखही नेते.

बंद कोपरा तरीही उघडला नव्हता. त्यासाठी उलटी धार द्यावी लागते. मळ वरून येऊन नळ्यांच्या तोंडाशी अडकतो. त्याला आणखी वरून ढकलले तर तो अधिक घट्ट बसतो. म्हणून दोन्ही रबरी नळ्या सोडवून पाणी खालून वर चढवितात. शहरात यासाठी नळाचा जोर असतो, गावात तो कोठून आणावा? मेस्त्रीने गावचीच युक्ती केली. घरामागच्या दरडीवर पाण्याचे पिंप ठेवले आणि त्याची नळी खाली आणली. तीन मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब चौरस इंचाला चार पौंडांच्या किंचित वर भरतो. जुन्या रेडिएटरला तेवढाच मानवतो, त्याहून फार अधिक देऊही नये. पिंप तीनदा रिकामे झाले. दुसऱ्या पिंपाला वरच्या तोंडातून पिवळ्या रंगाचा एक गोळा बाहेर पडला. चालकाने तो ओळखला. दोन वर्षांपूर्वी रेडिएटर गळत होता तेव्हा त्याने स्वतःच त्यात मूठभर हळद टाकली होती. वाटेत गळती लागली तर हळद टाकून घर गाठणे ही आपल्या चालकांची जुनी तोड आहे आणि तेवढ्यापुरती ती लागूही पडते. पण हळद भोकापाशी थांबून राहत नाही, ती पाण्याबरोबर हिंडते आणि बारीक नळ्यांत जाऊन बसते. घर गाठल्यावर ती धुऊन काढायची असते, आणि तेवढेच राहून जाते.

बाहेरचे अंगही विसरण्यासारखे नव्हते. जाळीत गवताचे कुसळ, पतंगांचे पंख आणि वाळलेला चिखल गच्च बसला होता. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारले म्हणजे आलेल्या वाटेनेच तो निघतो. पत्र्याच्या घड्या फार नाजूक. जोराची धार किंवा तारेचा ब्रश लावला की त्या वाकतात आणि वारा कायमचा अडतो. याच वेळी रबरी नळ्या दाबून पाहिल्या. खालची नळी पिठासारखी मऊ झाली होती. अशी नळी गाडी वेगात असताना पंपाच्या ओढीने आतल्या आत चिमटते आणि फेरा बंद पाडते. गाडी थांबवून पाहावे तो ती पुन्हा फुगलेली, म्हणून हा चोर सहसा सापडत नाही.

आता जे घडले ते सांगितले नाही तर भाषण अर्धे राहील. सफाईनंतर गाडीत पाणी भरले आणि रेडिएटर तीन ठिकाणी ठिबकू लागला. पूर्वी गळत नव्हता तिथे! चालक चिडला.

"मेस्त्री, आधी बरी होती हो गाडी. निदान घाटात तरी पोचत होती."

"आधी ती भोकं गाळानं बुजली होती, मामा," मेस्त्री म्हणाला. "भोकं मी पाडली नाहीत. मी ती दाखवली."

हे उत्तर खरे असले तरी ते ऐकणाऱ्याच्या खिशाला भारी पडते. जुनी गाडी साफ करायला घेणाऱ्याने हा धोका आधी जाणून घ्यावा आणि साफ करणाऱ्याने तो आधी सांगावा. मेस्त्रीने तो सांगितला नव्हता, आणि त्यापुरता दोष त्याचा होता. दुसऱ्या दिवशी रेडिएटर उतरवून दांडेलीला नेला. तेथल्या कारागिराने वरची टाकी डाख वितळवून वेगळी केली, प्रत्येक नळीतून पातळ पट्टी घालून राहिलेला मळ काढला आणि तिन्ही जागी नवा डाख दिला. कधी कधी हे करण्याइतका पत्राही उरलेला नसतो, तेव्हा नवा रेडिएटर घ्यावा लागतो. येथे तसे झाले नाही. नवा थर्मोस्टॅट, चार पौंडांचे खरे टोपण आणि खालची नळी एवढे विकत घ्यावे लागले. थर्मोस्टॅट बसविण्यापूर्वी तो पातेल्यातील तापत्या पाण्यात सुतळीने टांगून उघडतो की नाही हे पाहिले. ही परीक्षा फुकट असते, आणि नवा मालही नेहमी चांगला निघतो असे नाही.

भरायचे काय, हा शेवटचा प्रश्न. येथे पावसाचेच पाणी उपयोगी पडते. पहिल्या चार-सहा सरींनी कौले धुऊन निघाल्यावर स्वच्छ पिंपात धरलेले पाणी, किंवा बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणी, हे उत्तम. पण ते एकटे नव्हे. त्यात कूलंट मिसळावे लागते. कुंभारवाड्यात बर्फ पडत नाही, मग हे परदेशी औषध कशाला, असे विचारले जाते. बर्फ रोखणे हे त्याचे एक काम. त्यातील गंजरोधक द्रव्ये लोखंडाला झाकतात, आणि निम्म्या प्रमाणात मिसळले तर पाणी सात-आठ अंश उशिरा उकळते. आपल्याकडे तिसरा हिस्साही पुरतो. डब्यावर तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालते असे लिहिलेले आहे ना, तेवढे पाहावे, आणि दोन वर्षांनी ते बदलावे, कारण गंजरोधक द्रव्ये झिजून संपतात. जुन्या जीपला वेगळी टाकी नसते. तापल्यावर पाणी फुगते, म्हणून तोंडाखाली दोन बोटे जागा रिकामी सोडावी.

घमेल्यातल्या त्या पाण्याचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. चालकाचा धाकटा मुलगा ते ओढ्यात ओतायला निघाला होता आणि मेस्त्रीने त्याला हाक मारून थांबविले. त्या पाण्यात गंज होता, आणि झिजलेल्या डाखाचे शिसेही असण्याचा संभव होता. पुढच्या वेळी त्यात कूलंटही असेल, आणि कूलंटमधील ग्लायकॉल चवीला गोड असते. कुत्रे ते आवडीने चाटते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होऊन मरते. गुरांना आणि लहान मुलांनाही ते विष आहे. येथले ओढे शेवटी काळी नदीला जाऊन मिळतात, आणि त्या वाटेवर पाणी पिणारी जनावरे कोणाच्या दावणीला बांधलेली नसतात. पाणी झाकणाच्या डब्यांत भरले गेले आणि रेडिएटरबरोबरच दांडेलीच्या गॅरेजात गेले. डब्यांवर मुलाने खडूने कवटी काढली होती. ती बरीचशी माकडासारखी दिसत होती, असे मेस्त्री हसत हसत सांगतो.

पुढल्या आठवड्यात जीप भरल्या बाकांनी घाट चढली. काटा मध्यावर आला आणि तेथेच राहिला. महिन्याभराने चालकाने थंड गाडीचे टोपण उघडून पाहिले, तेव्हा पाणी बोटभर कमी झालेले होते. त्याने लगेच डबा उचलला नाही. आधी गाडीखाली पुठ्ठा अंथरला आणि थेंब कोठे पडतो ते सकाळी पाहिले. पंपाच्या खालच्या भोकाशी ओल होती, म्हणजे पंपाचे सील संपत आले होते. आता ते बदलायचे आहे. तोवर मागच्या बाकाखाली डबा अजून आहे, परंतु त्यात ओढ्याचे पाणी नाही, घरी कालवलेले कूलंटचे पाणी आहे, आणि झाकण दोरीने घट्ट बांधलेले आहे.